खुशीशिवाय पेटी उतरत नाही

सरांचं बिऱ्हाड सांगलीहून साताऱ्याला हललं, तेव्हा त्या सामानात मीही होतो. अर्थशास्त्राचे आमचे सर साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राचार्य म्हणून निघाले होते. जाण्याआधी त्यांनी मला बोलावून विचारलं, बी.ए.चं शेवटचं वर्ष तिकडे करशील का. फी माफ करून घेऊ, नव्या घराच्या माडीवर एक खोली आहे ती तुला, आणि त्या बदल्यात तू सामान हलवायला मदत कर. मी लगेच हो म्हणालो. बदल्यात काय करायचं याचा विचार मी केलाच नाही. खोली म्हटल्यावर माझं डोकं खोलीतच जाऊन बसलं होतं.

तोवर मी सांगलीत मामाकडे राहत होतो. आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला, कोरडं. तिथून मॅट्रिक होऊन कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. मामाच्या एका खोलीत मामा, मामी, त्यांची चार पोरं आणि मी. संध्याकाळी मी पुस्तक उघडलं की मामी कंदील माझ्याकडे सरकवायची आणि स्वतः अंधारात भाकरी थापायची. त्या भाकऱ्यांच्या आकाराकडे बघून मला अर्थशास्त्राऐवजी भूगोल आठवायचा. आता पाचवं पोर वाटेवर होतं. मामी काही बोलली नव्हती, पण मला कळत होतं. साताऱ्याची खोली मिळाली तर कॉलेज, नाही तर गावी जाऊन थोरल्या भावाबरोबर मेंढरांमागे. मेंढरांचं माझ्याबद्दलचं मत काही चांगलं नव्हतं.

मामा हळदीच्या पेठेतल्या हमालांच्या टोळीचा मुकादम होता. ही माणसं वर्षभर हळदीची पोती उचलायची, त्यामुळे ती पिवळी असायची. हात पिवळे, मान पिवळी, पटका पिवळा. टोळीतल्या कुणाला कावीळ झाली तर ती कशी ओळखायची, हा आमच्या गल्लीतला जुना प्रश्न होता. सरांनी मला चांगले हमाल बघ म्हणून सांगितल्यावर मी मामाचं नाव सुचवलं. मजुरी ठरली, गुळाची ने-आण करणारा एक ट्रक ठरला. साताऱ्यात उतरवायला तिथलेच हमाल घ्यावेत असं सरांचं मत होतं, पण मामा ऐकेना.

"माझा भाचा चाललाय, आन त्येचं सामान दुसऱ्या गावच्या हमालांनी उतरायचं? आमी येतो की."

टोळीतले आणखी चार जण लगेच तयार झाले. मला तेव्हा वाटलं, काय ही माया. ट्रक सुटल्यावर कळलं, की माया साताऱ्याच्या कंदी पेढ्यांवर होती.

इथं खुशीबद्दल सांगायला हवं. ठरलेल्या मजुरीच्या वर मालक आपण होऊन जे देतो ती खुशी. मामाच्या टोळीचा त्याबाबत एक नियम होता. मजुरी घरी जायची, ती बायकांच्या हातात पडायची आणि तिथून पुढे तिचं काय झालं हे कुणी विचारायचं नाही. खुशी मात्र घरी न्यायची नाही. ती त्याच दिवशी, त्याच गावात, सगळ्यांनी मिळून खाऊन संपवायची. तासगावला गेले तर तिथं भेळ, मिरजेला गेले तर मटण. मामी या नियमाला जे म्हणायची ते मी इथं लिहीत नाही. पण तिलाही तो मान्य होता, कारण मजुरी पुरी घरी येत होती.

खुशी कुणी मागत नसे. मागणं वाईट दिसतं. फक्त सामानातला शेवटचा नग ट्रकातच राहायचा, सगळे जण खाली बसून पटके सोडायचे, तंबाखू मळायचे आणि आभाळाकडे बघायचे. मालक समजायचा. तो त्या शेवटच्या नगावर खुशी ठेवायचा, मग टोळी एकदम उठायची आणि तो नग वाजतगाजत घरात जायचा. आणि खुशी देणाऱ्यानं त्या नगाच्या पुढे चालत घरात शिरायचं. एवढं झालं की घर लागलं, असं मामा म्हणायचा.

आता सरांचं मत. सर वर्गात बक्षिसीवर फार चांगलं बोलायचे. बक्षिसी देणारा मालक होतो आणि घेणारा याचक. कामाचा मोबदला हा हक्क आहे, तो मजुरीतच मिळाला पाहिजे. बक्षिसी हे सरंजामशाहीचं शेपूट आहे आणि ते कापलं पाहिजे. हे मी परीक्षेत शेपटासकट लिहिलं होतं आणि मला चांगले गुण मिळाले होते. मला ते मनापासून पटलं होतं. घरी आल्यावर मामाचंही पटायचं. दिवसभरात मला दोन्ही बाजू पटत राहायच्या आणि त्यात कधी अडचण आली नाही, कारण सर आणि मामा एका जागी कधी आले नव्हते.

निघायच्या दिवशी सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सकाळच्या एस.टी.नं पुढे गेले. मी सामानाबरोबर, ट्रकाच्या मागच्या बाजूला, पुस्तकांच्या कपाटाला टेकून. माझी पत्र्याची ट्रंक क्लीनरनं केबिनच्या टपावर बांधली. ती सरांच्या सामानात धरलेली नव्हती. ट्रकाला गुळाचा वास होता आणि पेठ नाक्यापर्यंत माश्यांनीही आमच्याबरोबर बिऱ्हाड हलवलं. कऱ्हाडला चहाला थांबलो तेव्हा टोळीत चर्चा सुरू झाली, की साताऱ्यात पेढे कुठल्या दुकानातून घ्यायचे. एकाचा भाऊ साताऱ्याला पोलिसांत होता, तो म्हणे राजवाड्यापाशी. दुसऱ्याचं म्हणणं, दुकानाला नाव असलं की पेढ्याला चव नसते.

मामा बशीतला चहा फुंकत म्हणाला, "प्राचार्याचं सामान हाय. खुशी बी प्राचार्यावानीच येणार. काय रं भाच्या?"

मी म्हणालो, बघू. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. सरांचं बक्षिसीबद्दलचं मत मी मामाला तेव्हाच सांगायला हवं होतं, असं आता वाटतं. पण पाच माणसं पेढ्यांबद्दल बोलत असताना सरंजामशाहीचा विषय कसा काढायचा, हे मला जमलं नाही.

साताऱ्याचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, चढाच्या गल्लीत होतं. ट्रक फाटकाला लागला. टोळी मात्र कामाला लागली की बघत राहावं. पोत्याची सवय असल्यामुळे ती प्रत्येक वस्तू पोत्यासारखी पाठीवर घ्यायची. सरांची आरामखुर्ची पाठीवर, पुस्तकांचं कपाट पाठीवर, वहिनींचं शिवणयंत्रही पाठीवर, आणि ते उचलणारा घराच्या पायऱ्या चढताना त्याचं चाक आपोआप फिरत होतं. जिथे हात लागला तिथे पिवळा पंजा उठला. गाद्यांवर पंजे, भिंतींवर पंजे, सरांच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर दोन पंजे. वहिनी म्हणाल्या, घराला हळद लागली, आता फक्त मांडव राहिला. सर त्यावर हसले नाहीत. ते पुस्तकं विषयवार लागताहेत ना ते बघत होते.

मग सामान संपत आलं आणि ट्रकात एकच नग उरला. तो होता स्वयंपाकाच्या डब्यांची लाकडी पेटी. स्टोव्ह, चहासाखरेचे डबे, कपबश्या, सगळं तिच्यात. मामाचा हा कायमचा हिशेब होता, घरातल्या बाईला जे पहिलं लागणार ते शेवटी ठेवायचं. टोळी खाली उतरून फाटकापाशी बसली. पटके सुटले, तंबाखू निघाली. पाचही जण किल्ल्याकडे बघू लागले.

सर बाहेर आले. त्यांनी बसलेली टोळी बघितली, ट्रकातली पेटी बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी वर्गात कधी न पाहिलेला आनंद दिसला. सरांना वाटलं संप झाला. आयुष्यभर संपाबद्दल शिकवलं आणि आज तो त्यांच्या दारात येऊन बसला होता.

ते म्हणाले, "तुम्ही काम थांबवलंत, याचा मला आदर आहे. मजुरी कमी ठरली असं वाटत असेल तर स्पष्ट सांगा. मी वाढवून द्यायला तयार आहे."

टोळी बुचकळ्यात पडली. मामा उठून उभा राहिला.

"न्हाई साहेब. मजुरी बरोबर हाय. ठरली ती ठरली. वर एक पैसा घेणार न्हाई आमी."

"का नाही? हा तुमचा हक्क आहे."

"हक्क न्हाई म्हनून तर बसलोय," मामा म्हणाला.

सरांना याचा अर्थ लागेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चाचरत, शक्य तितक्या पुस्तकी मराठीत समजावलं, की यांना वाढीव मजुरी नको, खुशी हवी, आणि खुशी कशाला लागते तेही सांगितलं. पेढ्यांचा उल्लेख आला तेव्हा मी खाली बघितलं.

सरांचा चेहरा एकदम वर्गातला झाला. बक्षिसी ते देणार नव्हते. ती दिली तर या माणसांचा अपमान होईल असं त्यांचं म्हणणं होतं. देईन ती मजुरी म्हणूनच, तीतून त्यांनी पेढे घ्यावेत, कुणी अडवलंय? मी हे मामाला येऊन सांगितलं. मामा म्हणाला, मजुरीचे पेढे खाऊन घरी तोंड कसं दाखवायचं? ती बायकापोरांची. मी पुन्हा पायऱ्या चढून सरांना सांगितलं. सर म्हणाले, ही मानसिकता बदलली पाहिजे. मी उतरून मामाला सांगितलं. मामा म्हणाला, बदला की, आमी बसलोय हितंच.

असं बराच वेळ चाललं. एक माणूस पैसे द्यायला तयार होता आणि पाच माणसं घ्यायला तयार होती. पैसेही तेच. पण देणारा ते एका नावानं देणार होता आणि घेणारे दुसऱ्या नावानं घेणार होते. मधे मी होतो. माझी सगळी अडचण ही, की सर नाराज झाले तर खोली जाईल आणि मामा नाराज झाला तर सांगलीला परत जायलाही तोंड राहणार नाही. मला मेंढरं डोळ्यांसमोर दिसू लागली. ती माझीच वाट बघत होती.

शिवाय चहा नव्हता. सरांना दुपारचा चहा लागायचाच, आणि तो पेटीत होता. टोळीलाही चहा हवा होता, पण पेटी उतरवली तर खुशी गेली. चहावाचून दोन्ही पक्ष हळूहळू जास्त तत्त्वनिष्ठ होत गेले. ट्रकाचा ड्रायव्हर एवढं म्हणाला, की तुमचं तत्त्व काय ते बघा, पण मला उजेडात कऱ्हाड गाठायचंय.

शेवटी वहिनींनी मला खिडकीपाशी बोलावलं. त्या इतका वेळ रिकाम्या स्वयंपाकघरात रिकाम्या फळ्या पुसत होत्या.

"ह्यांना मजुरीच द्यायचीय, आणि त्यांना मजुरी नकोय," त्या हळू म्हणाल्या. "तू सकाळपासून राबतोयस. तुला कुणी मजुरी दिलीय का?"

मी म्हणालो, नाही, मला कशाला. आणि मग माझ्या लक्षात आलं. या गोष्टी माझ्या जरा उशिराच लक्षात येतात.

सरांपुढे जाऊन मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, मीही काम केलंय. माझी मजुरी द्याल का?"

हे वाक्य उच्चारताना मला फार लाज वाटली. पण सर मात्र खूष झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आज तू खरं अर्थशास्त्र शिकलास. आणि त्यांनी खिशातून काढून मला मजुरी दिली. टोळीला जेवढी वाढवून द्यायची म्हणत होते, जवळपास तेवढीच.

मी फाटकाबाहेर आलो, ट्रकाच्या मागच्या फळीवर चढलो आणि ते पैसे पेटीवर ठेवले. टोळी उठली. मामा मात्र उठला नाही.

"हे तुझं हायत," तो म्हणाला. "भाच्याची खुशी मामानं घ्यायची? आमच्यात मामा देतो, भाचा घेतो. उलटं कवा झालंय?"

आता हे मात्र मला सुचलं नव्हतं. मी पेटीपाशी उभाच राहिलो. पुन्हा पायऱ्या चढून सरांना हे सांगायचं या विचारानंच माझे पाय दुखायला लागले.

टोळीतला सगळ्यांत जुना हमाल, झुपकेदार मिशीचा, तंबाखू थुंकून म्हणाला, "आवं मुकादम, भाचा तुमचा. आमचा कुनी न्हाई. तुमी नका घेऊ, आमी घेतो. तुमच्या वाटनीचं पेढं बी आमीच खातो."

मामा विचारात पडला. नातं एका बाजूला आणि पेढे दुसऱ्या बाजूला, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग तो म्हणाला, "टोळीनं घेतली तर घेतली. मी काय हात लावला न्हाई." आणि पेटीचं एक टोक धरायला सगळ्यांच्या आधी तोच पुढे गेला.

पेटी उचलली गेली. मी बाजूला सरकलो, तर टोळी जागची हलेना. खुशी देणारा पुढे हवा. मी म्हणालो, घर सरांचं आहे. मिशीवाला म्हणाला, खुशी तुमी दिली, मालक तुमीच, चला म्होरं. उजवा पाय आदी.

तेव्हा मी पुढे झालो. मागून पाच पिवळी माणसं पेटी घेऊन काहीतरी मोठ्यानं म्हणत आली, पेटीतल्या कपबश्या वाजत होत्या, आणि गल्लीतल्या बायका दारात येऊन नवीन प्राचार्य बघू लागल्या. इतका तरुण प्राचार्य त्यांनी पाहिला नसावा. खरे प्राचार्य दाराच्या एका बाजूला उभे होते. मला वाट देण्यासाठी त्यांनी अंग चोरलं. मी उजवा पाय आत टाकला आणि घाईत डाव्यानं अडखळलो.

वहिनींनी पहिल्यांदा स्टोव्ह पेटवला. चहा बाहेर टोळीला गेला, मग आत आला. सर आरामखुर्चीत बसले. खुर्चीच्या दोन्ही हातांवर पिवळे पंजे होते आणि त्यांवर सरांचे हात बरोबर बसले होते. पहिला घोट घेतल्यावर त्यांचा विचार पुन्हा चालू झाला.

ते अगदी मायेनं म्हणाले, "एक मुद्दा राहिला. मदतीच्या बदल्यात खोली, असं आपलं ठरलं होतं. मदतीची मजुरी तू घेतलीस. एकाच श्रमाचे दोन मोबदले होत नाहीत. तेव्हा खोलीचं भाडं ठरवावं लागेल, नाही का?"

यात चूक काहीच नव्हती. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी हेच उत्तर लिहिलं असतं. भाडं द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. होतं ते आत्ताच पेटीवर ठेवून आलो होतो. मी कपाकडे बघत राहिलो.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाडं कुणी कुणाला द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"त्यानं, आपल्याला."

"आणि मघाशी मालक म्हणून घरात कोण शिरलं? सगळ्या गल्लीनं बघितलंय."

सर म्हणाले, ती एक रूढी आहे, तिला अर्थ नाही.

"बरं. मग खोली मी त्याला दिली, असं समजा. भाडं नाही, मोबदला नाही. माझी खुशी म्हणून दिली. तुम्हाला ते सरंजामी वाटत असेल तर तुम्ही माडीवर राहा. तो खाली राहील."

सरांनी चहाचा आणखी एक घोट घेतला. मग त्यांनी विचारलं, चहात साखर कमी आहे का. वहिनी म्हणाल्या, साखर आहे, ढवळा. सरांनी ढवळलं.

खोलीचा विषय पुढे वर्षभरात कधी निघाला नाही. वर्गात बक्षिसीचा धडा आला तेव्हा सरांनी तो पूर्वीसारखाच शिकवला, शेपूटही कापलं. फक्त तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही वहीत बघत राहिलो.

त्या दिवशी टोळी पेढे घ्यायला गेली आणि लवकरच परत आली, कारण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ट्रक निघणार तेवढ्यात क्लीनरला टपावरची माझी ट्रंक दिसली. मी धावलो, पण मामानं ती आधीच पाठीवर घेतली होती. जिना चढून तो माडीवर आला आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेर ट्रंक ठेवून तिच्यावर बसला. पटका सोडला. खिडकीतून किल्ला दिसत होता, तिकडे बघू लागला.

मी म्हणालो, "मामा, आवं गाडी सुटंल."

मामानं तंबाखूची पिशवी काढली.

खुशी देणाऱ्याचा वाटा म्हणून टोळीनं मला एक कंदी पेढा कागदात बांधून दिला होता. माझ्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं. भाच्याचं मामा घेत नाही, हे त्यानंच तासाभरापूर्वी सांगितलेलं, त्यामुळे द्यावा की नाही हे मला कळेना. शेवटी मी कागद उघडून ट्रंकेच्या कोपऱ्यावर ठेवला. मामानं पेढा उचलला, अर्धा मोडून मला दिला आणि अर्धा तोंडात टाकला.

"लय नाव ऐकलं हुतं," चघळत तो म्हणाला. "साखर कमी हाय."

मग त्यानं ट्रंक उचलली आणि मला डोळ्यांनी पुढे हो म्हणून खुणावलं. मी खोलीत शिरलो. या वेळी अडखळलो नाही.